आधी खाटा मोजा: मुंबईत नर्सिंगचा प्रवेश ते पहिली नोकरी

नर्सिंग कॉलेज निवडताना घरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. फी किती आणि हॉस्टेल आहे का? खरा प्रश्न तिसरा आहे आणि तोच राहून जातो. या कॉलेजच्या मागे हॉस्पिटल कोणतं, ते किती खाटांचं, आणि त्या खाटांवर पेशंट असतात का? नर्सिंग वर्गात कळतं, पण येतं वॉर्डात. ज्या कॉलेजला स्वतःचं भरलेलं हॉस्पिटल नाही, तिथल्या मुली तीन-चार वर्षं बसने कुठल्या तरी नर्सिंग होममध्ये जातात, चार मुली मिळून एका पेशंटचा बीपी घेतात आणि परत येतात. पदवी तीच मिळते, पण पहिल्या मुलाखतीत फरक दिसतो.

कोर्स कोणता

एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचा, जीएनएम (सर्वसाधारण परिचारिका-प्रसाविका) तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, म्हणजे आठ सेमिस्टरचं. बीएस्सीसाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. खुल्या गटाला विज्ञानाच्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय आणि ४० टक्के पुरतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत.

बीएस्सीचा प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या परीक्षेतून आणि नंतरच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्यांतून होतो. परीक्षेत विज्ञानाच्या विषयांसोबत इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूडही असतं. आपल्याकडच्या मुली जीवशास्त्र घोकतात, इंग्रजी सोडून देतात आणि तिथेच मार्क गमावतात. जीएनएमची प्रक्रिया मधल्या वर्षांत बदलत गेली आहे, त्यामुळे मागच्या वर्षी मैत्रिणीने काय केलं ते न विचारता त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा.

एएनएम वाईट नाही. सार्वजनिक आरोग्य केंद्रं, लसीकरण, वस्तीतलं काम यासाठी तो कोर्स आहे. पण ज्यांना आयसीयू, ऑपरेशन थिएटर किंवा परदेश हवा आहे त्यांनी त्यात दोन वर्षं घालवू नयेत. जीएनएम केलेल्यांना पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. पैशांची ओढाताण असेल तर जीएनएम, नोकरी आणि मग पोस्ट बेसिक हा रस्ता अगदी रास्त आहे.

आता रस्त्यावरच्या जाहिरात फलकांबद्दल. कल्याण, विरार, गोवंडी, मुंब्रा अशा ठिकाणी स्टेशनबाहेर ‘सहा महिन्यांत नर्सिंग’, ‘दहावी पास मुलींसाठी नर्सिंग डिप्लोमा, नोकरीची हमी’ असे फलक दिसतात. तो कोर्स पेशंट असिस्टंटचा असतो. काम मिळतं, पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसलेली व्यक्ती कायद्याने नर्स नाही. दीड-दोन वर्षांनी हे कळतं तेव्हा फी परत मिळत नाही. म्हणून प्रवेशाआधी तीन गोष्टी विचारा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत या वर्षी नाव आहे का? परीक्षा कोण घेतं? आणि या कोर्सनंतर नोंदणी कशी होते? बीएस्सीची परीक्षा बहुतेक कॉलेजांत नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. एसएनडीटीसारखं विद्यापीठाचं स्वतःचं नर्सिंग कॉलेजही मुंबईत आहे. जीएनएम आणि एएनएमची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. ‘आमचीच परीक्षा असते’ असं उत्तर आलं तर तिथून उठा.

कॉलेज बघायला जाल तेव्हा

इमारत, ग्रंथालय, सिम्युलेशन लॅबमधली बाहुली हे सगळे दाखवतात. तुम्ही वॉर्ड दाखवायला सांगा. बीएस्सीच्या कॉलेजला स्वतःचं किमान १०० खाटांचं हॉस्पिटल असावं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. म्हणजे ६० जणांची एक तुकडी एकाच वेळी वॉर्डात असेल तर १८० रुग्ण हवेत. १०० खाटांच्या, निम्म्या रिकाम्या हॉस्पिटलात हे गणित बसत नाही. मग मुलींना बाहेर पाठवतात. कुठे पाठवतात, किती आठवडे, आणि प्रसूती, बालरोग, मानसोपचार यांची पोस्टिंग कुठे होते, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींना विचारा. प्राचार्यांचं उत्तर आणि त्यांचं उत्तर जुळतं का ते बघा.

परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, भायखळ्याचं जेजे इथे पेशंटांची कमतरता कधीच नसते. उलट अडचण असते ती गर्दीची. प्रसूती कक्षात इंटर्न डॉक्टर, तुमच्या तुकडीतल्या मुली आणि दुसऱ्या कॉलेजच्या मुली एकाच वेळी उभ्या असतात. लॉगबुकातले (केलेल्या कामांच्या नोंदवहीतले) आकडे तर भरावेच लागतात. रात्रपाळी मागून घ्या. रात्री गर्दी कमी असते आणि सिस्टरला शिकवायला वेळ मिळतो. खासगी मोठ्या हॉस्पिटलच्या कॉलेजांत यंत्रं नवी आणि कागदोपत्री शिस्त कडक. मात्र तिथला पेशंट पैसे भरून आलेला असतो, विद्यार्थिनीला हात लावू देईलच असं नाही. काही ठिकाणी चार वर्षांत कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत बसवायची नळी) घालायची संधी बोटांवर मोजण्याइतकी येते. दोन्हीकडे काहीतरी कमी पडतंच. हात बसायचे असतील तर आमचं मत पालिका किंवा सरकारी हॉस्पिटलच्या बाजूने आहे.

आणखी एक साधी गोष्ट म्हणजे घर ते वॉर्ड हे अंतर. सकाळपाळीला सात-साडेसातला युनिफॉर्ममध्ये उभं राहायचं असेल, तर बदलापूर किंवा विरारहून पाचच्या आसपासची लोकल पकडावी लागते. पहिली दोन वर्षं तरी हॉस्टेल मिळत असेल तर घ्या.

कागद

प्रवेश कागदांमुळे अडतो तेवढा मार्कांमुळे अडत नाही. दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रीमी लेयर, वैद्यकीय तंदुरुस्ती, आणि वर्ष वाया गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. यात जात वैधतेला सगळ्यात जास्त वेळ लागतो. बारावीला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज टाका. नॉन क्रीमी लेयर चालू आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. जुनं निघालं तर जागा खुल्या गटात जाते.

आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये पूर्ण माफ केली. अट अशी की प्रवेश कॅप फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात तर हा लाभ नाही. ‘फेरीची वाट कशाला बघता, आत्ताच सीट पक्की करा’ असं कोणी म्हणालं, तर या फरकाची रक्कम आधी कागदावर मांडा. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना वेगळ्या आहेत. सगळे अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर होतात आणि बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही अडकतात.

नावाचं स्पेलिंग आत्ताच जुळवून घ्या. दहावीच्या गुणपत्रकावर, आधारवर आणि बारावीच्या अर्जावर ते अक्षरन् अक्षर एकच हवं. पुढे नोंदणी, पासपोर्ट, सरकारी भरती सगळं दहावीच्या नावावर चालतं. कोर्स चालू असताना लग्न झालं तर विद्यापीठात घाईने नाव बदलू नका. सगळी गुणपत्रकं एका नावाची होऊ द्या, मग राजपत्र करून एकदाच सगळीकडे बदला. अर्धी गुणपत्रकं माहेरच्या आणि अर्धी सासरच्या नावाची असली की प्रत्येक नोकरीला प्रतिज्ञापत्रांचा गठ्ठा न्यावा लागतो.

पहिलं वर्ष

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले सहा महिने जड जातात, कारण शरीररचना, शरीरक्रिया, नर्सिंग फाउंडेशन सगळं इंग्रजीत असतं. संपूर्ण वाक्य समजण्याची वाट बघू नका, शब्दाचे तुकडे पाडा. ‘हायपो’ म्हणजे कमी, ‘हायपर’ म्हणजे जास्त, ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टमी’ म्हणजे काढून टाकणं, ‘ऑस्टमी’ म्हणजे वाट काढणं. असे शंभरेक तुकडे पाठ झाले की पुस्तक उलगडायला लागतं. उत्तरं आकृती काढून आणि मुद्दे पाडून लिहा. तपासणाऱ्याला अलंकारिक इंग्रजी नको असतं.

बीएस्सीत बहुतेक विषयांना अंतर्गत २५ आणि विद्यापीठाचे ७५ असे गुण असतात, पास व्हायला ५० टक्के लागतात, ३५ नव्हे. बारावीच्या हिशेबाने ‘निघेल कसंतरी’ म्हणणाऱ्या मुली इथे अडकतात. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी हवी. पण क्लिनिकलची हजेरी पदवी मिळेपर्यंत १०० टक्के भरून द्यावी लागते. बुडवलेली प्रत्येक ड्युटी कधी ना कधी सुटीत करावीच लागते. जर्नल, केअर प्लॅन, केस स्टडी त्याच आठवड्यात लिहून सही घ्या. सेमिस्टरच्या शेवटी सह्या गोळा करायला निघालात की सिस्टर ट्यूटर रजेवर असतात आणि इनचार्ज सिस्टरची बदली झालेली असते.

खिशात काय हवं? सेकंद काटा असलेलं घड्याळ, कारण मोबाईलवर नाडी मोजू देत नाहीत. निळं आणि लाल पेन, छोटा टॉर्च, बोथट टोकाची कात्री आणि खिशात मावेल अशी वही. स्टेथोस्कोप पहिल्या वर्षी महागडा घेऊ नका, हरवतो. पावसाळ्यात लॉकरमध्ये एक कोरडा युनिफॉर्म आणि बूट ठेवा. लोकल बंद पडली तरी वॉर्ड चालूच असतो, आणि ओव्हर (पेशंटांचा ताबा) घ्यायला पुढची पाळी पोहोचेपर्यंत आधीच्या पाळीला हलता येत नाही.

वॉर्डात डॉक्टरांइतकंच मावशी आणि मामा, म्हणजे वॉर्डातल्या मदतनीसांशी, नीट वागा. बेडपॅन कुठे, ऑक्सिजनची चावी कुठे, कोणत्या खाटेची मोटर बिघडली आहे, हे त्यांना माहीत असतं.

जिथे चूक जिवावर बेतते

प्रात्यक्षिकात आणि मुलाखतीत बरेच उमेदवार औषधाच्या हिशेबात पडतात. सलाईनच्या थेंबांचं सूत्र सोपं आहे. एकूण मिली गुणिले सेटचे (सलाईनच्या नळीचे) एका मिलीमागचे थेंब, भागिले मिनिटं. साध्या सेटला बहुधा एका मिलीला २० थेंब असतात, मायक्रो सेटला ६०. पाकिटावर छापलेलं असतं, ते बघा. ५०० मिली ८ तासांत द्यायचं तर ५०० गुणिले २० भागिले ४८०, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. वॉर्डात चालणारी पळवाट अशी की साध्या सेटला ताशी मिलीला तीनने भागा, मायक्रो सेटला ताशी मिली तेवढेच थेंब. थेंब लावून निघून जाऊ नका. पेशंटने हात वाकवला, उठून बसला, की वेग बदलतो. अर्ध्या तासाने परत मोजा.

इन्सुलिनची गफलत आपल्याकडे जास्त होते, कारण एका मिलीत ४० युनिटवाली आणि १०० युनिटवाली अशा दोन्ही बाटल्या मिळतात. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये ‘१० युनिट’च्या रेघेपर्यंत भरलं, तर पाव मिली म्हणजे २५ युनिट जातात. अडीचपट डोस. पहाटे पेशंट घामाने निथळलेला आणि बेशुद्ध सापडतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एक असल्याशिवाय टोपण काढू नका. आणि नोंद करताना ‘युनिट’ पूर्ण लिहा. इंग्रजी यू घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या ५ मिलीच्या बाटल्याही दोन ताकदींच्या येतात, एकीत एकूण ५,००० युनिट, दुसरीत २५,०००. पोटॅशियम क्लोराइडचा १० मिलीचा अ‍ॅम्प्यूल वरवर पाहता डिस्टिल्ड वॉटरसारखाच वाटतो. ते कधीही सरळ शिरेत ढकलायचं नसतं, हृदय थांबतं. सलाईनमध्ये घालतानाही लटकत्या बाटलीत घालून सोडून देऊ नका. ते जड असल्याने तळाशी, नळीच्या तोंडाजवळ साचतं आणि पहिल्या काही मिलीतच जास्त जातं. बाटली खाली घ्या, औषध घाला, उलटीसुलटी करून मिसळा, लेबल लावा, मग टांगा.

रक्त देताना पिशवी आणि पेशंट दोन नर्सनी मिळून तपासायचं आणि पेशंटला त्याचं नाव सांगायला लावायचं. ‘तुम्हीच सावंत ना?’ असं विचारलं तर गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. रक्तपेढीतून आल्यावर अर्ध्या तासात सुरू करा, चार तासांत संपवा आणि पहिली १५ मिनिटं खाटेजवळून हलू नका, कारण जीवघेण्या प्रतिक्रिया बहुधा सुरुवातीलाच दिसतात.

सुई टोचली तर

पहिल्या वॉर्ड पोस्टिंगच्या आधी हिपॅटायटिस बीची लस सुरू करा. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस असतात, म्हणजे उशीर केलात तर सहा महिने अर्धवट संरक्षणावर काम होतं. कोर्स झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासा, १० च्या वर हव्यात.

टोचण्याचे प्रसंग इंजेक्शन देताना कमी, नंतर जास्त घडतात. सुईला टोपण परत घालताना किंवा दुसऱ्या कोणीतरी ट्रॉलीवर तशीच टाकलेली सुई उचलताना. टोपण परत घालू नका. सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, रक्ताळलेलं ड्रेसिंग पिवळ्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. डबा तीन चतुर्थांश भरला की बदलायचा.

तरीही टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, जागा दाबून रक्त काढू नका, आणि तत्काळ इनचार्ज सिस्टरना सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हावी लागतात, कोर्स २८ दिवसांचा असतो. ओरडा पडेल म्हणून मुली लपवतात आणि तेच तास हातचे जातात. नोंद लेखी करून घ्या.

शेवटचं वर्ष आणि नोंदणी

बीएस्सीचं आठवं सेमिस्टर म्हणजे इंटर्नशिप, जीएनएमला शेवटचे सहा महिने. इथे तुम्ही जवळपास स्टाफ म्हणूनच उभ्या असता. ज्या विभागात नोकरी हवी तिथल्या इनचार्ज सिस्टरला सांगून ठेवा. मुंबईत पहिल्या नोकऱ्या जाहिरातीइतक्याच अशा तोंडओळखीने मिळतात, कारण ती सिस्टर तुम्हाला महिनाभर काम करताना बघते. बीएलएसचा (प्राथमिक जीवरक्षणाचा) कोर्स याच काळात करा. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, फार आधी केलंत तर मुलाखतीपर्यंत संपतं.

निकाल लागला की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये ऑनलाइन नोंदणी. यातून आरएन आणि आरएम, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसाविका असा क्रमांक मिळतो. पदवी प्रदान समारंभाची वाट बघत बसू नका, तात्पुरत्या प्रमाणपत्रावर काय चालतं ते बघून लगेच अर्ज करा. अर्ज परत येतात ते फोटो, सही आणि नावाच्या तफावतीमुळे. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी सतत शिक्षणाचे क्रेडिट लागतात. कार्यशाळेची प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा. दुसऱ्या राज्यात नोकरी लागली तर तिथल्या कौन्सिलकडे वेगळी प्रक्रिया असते.

नोंदणी येईपर्यंत काही हॉस्पिटलं ‘ट्रेनी’ म्हणून घेतात. हरकत नाही, पण नोंदणी झाल्यावर कोणत्या तारखेपासून स्टाफ नर्स धरणार आणि पगार किती, हे नेमणूकपत्रात लिहून घ्या.

पहिली नोकरी

इथेही खाटा मोजायच्या, पण वेगळ्या. तुमच्या वाट्याला किती येणार त्या. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवणाऱ्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स, इतरत्र पाचामागे एक आणि आयसीयूत एकास एक असा आहे. मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का’ म्हणतात, तेव्हा लाजू नका. रात्रपाळीला या वॉर्डात किती पेशंट आणि किती स्टाफ? नवीन नर्सला किती आठवडे सिनियरबरोबर ठेवता? पाळी आठ तासांची की बाराची? उत्तरं गोलमोल आली तर पगार दोन-तीन हजारांनी जास्त असूनही ती जागा सोडावी असं आम्ही सांगू. नव्या मुलीला पहिल्या आठवड्यात एकटीने रात्र सांभाळायला लावणारी हॉस्पिटलं आहेत. तिथे चूक झाली की नाव तिचंच येतं.

मोठ्या खासगी हॉस्पिटलांत आधी लेखी परीक्षा, मग नर्सिंग सुपरिटेंडंट, मग एचआर. विचारतात ते अगदी पायाचं. कॅन्युलांचे जाडीच्या आकड्यानुसार रंग: १८ हिरवी, २० गुलाबी, २२ निळी, २४ पिवळी. हृदय बंद पडल्यावर अ‍ॅड्रेनालिन १ मिलिग्रॅम शिरेतून दर ३ ते ५ मिनिटांनी. सीपीआर ३० दाब आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) किती आत जाणार ते नाक, कानाची पाळी, छातीच्या हाडाचं टोक असं मोजायचं. रक्ताच्या रिपोर्टात पोटॅशियम ६.५, म्हणजे धोकादायक इतकं जास्त, आलं तर पहिलं काय कराल? उत्तर ‘डॉक्टरांना कळवीन’ एवढंच देऊ नका. पेशंट बघीन, मॉनिटर आणि ईसीजी लावीन, सलाईनमध्ये पोटॅशियम चालू असेल तर थांबवीन, आणि हे करता करता कळवीन.

पगार विचारताना हातात किती येणार ते विचारा. मूळ पगाराच्या १२ टक्के भविष्य निर्वाह निधीत जातात. एकूण पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतो. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये ५० हून कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही किमान २०,००० आणि २०० हून जास्त खाटांच्या ठिकाणी सरकारी पगाराइतकं वेतन सुचवलं होतं. ही शिफारस सगळीकडे पाळली जात नाही, पण घासाघीस करताना माहीत असलेली बरी.

मूळ प्रमाणपत्रं कोणालाही ठेवायला देऊ नका. पडताळणीला दाखवा, छायांकित प्रती द्या, मूळ परत आणा. बाँड असेल तर मुदत, सोडल्यास रक्कम आणि नोटीसचे दिवस वाचूनच सही करा. ‘ट्रेनिंग बाँड’ म्हणत असतील तर कोणतं ट्रेनिंग ते लिहून मागा.

सरकारी नोकरीची तयारी नोकरी करता करता चालू ठेवा. पालिका, वैद्यकीय शिक्षण विभाग, सार्वजनिक आरोग्य विभाग, ईएसआयसी, रेल्वे या सगळ्यांच्या भरत्या वेगळ्या निघतात. पालिकेच्या जाहिरातींत दहावीला १०० गुणांचं मराठी आणि संगणकाचं प्रमाणपत्र ही अट असते. इंग्रजी माध्यमाच्या मुलींची निराशा बहुतेक इथेच होते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या जागा कंत्राटी असतात, अनुभवासाठी ठीक. एम्सची नॉरसेट परीक्षा देऊन नर्सिंग ऑफिसर झालात तर मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होतं. वयोमर्यादा खुल्या गटाला ३० आहे, म्हणून ‘दोन-चार वर्षांनी बघू’ म्हणणं परवडत नाही.

परदेशाचं पहिल्याच वर्षी डोक्यात घेऊ नका. बहुतेक ठिकाणी वॉर्डाचा अनुभव मागतात. एजंट परवानाधारक आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघा. त्याला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. लाखांत मागणारा कायद्याबाहेर मागतोय.

रुजू झाल्यावर

पहिले तीन महिने ओव्हर घेताना वहीत प्रत्येक खाटेसमोर पाच गोष्टी लिहा. निदान, चालू सलाईन आणि किती उरलं, नळ्या कोणत्या, कोणते रिपोर्ट यायचे आहेत, काय करायचं राहिलं आहे. ओव्हर खाटेजवळ घ्या, काउंटरवर नको. सलाईन ‘चालू आहे’ असं सांगितलेलं असतं आणि हात सुजलेला असतो. फोनवर सांगितलेला आदेश लिहून परत वाचून दाखवा आणि डॉक्टरांची सही ठरलेल्या वेळेत घ्या. न केलेल्या कामाची वेळ टाकून ठेवू नका. चार्ट सुंदर दिसतो, पण तक्रार आली की आधी तोच चार्ट बघतात.

सहा महिने तरी एकाच विभागात राहा. नोकरी सोडताना नोटीसचे दिवस भरा आणि अनुभव प्रमाणपत्र निघण्याआधी त्याचा मसुदा बघून घ्या. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, ‘स्टाफ नर्स’ हे पद, विभाग, नोंदणी क्रमांक आणि हॉस्पिटलच्या खाटांची संख्या हे सगळं त्यात हवं. जीएनएमवाल्यांना एम्सच्या परीक्षेसाठी किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. खाटांचा आकडा त्या कागदावर नसेल तर हॉस्पिटल बंद पडल्यावर किंवा नाव बदलल्यावर तो मागायला जायला जागा उरत नाही.